आकाशातला टेहळणी बुरूज

'टेहळणी' हा शब्द आपण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात शिकतो आणि तिथेच सोडून देतो. किल्ला म्हटला की तट, दरवाजा, पाण्याचे टाके आणि टेहळणी बुरूज, एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. पण आम्हा द्रोणागिरीकरांना हा शब्द विसरता येत नाही, कारण आमच्या डोक्यावर जो डोंगर उभा आहे त्याचे सारे महत्त्वच टेहळणीमुळे आहे. मारुतीरायाने लंकेला नेलेल्या द्रोणागिरीचा तुकडा इथे पडला, अशी आमच्याकडची श्रद्धा. पोर्तुगीजांना त्या कथेशी कर्तव्य नव्हते. त्यांनी डोंगरावर तटबंदी केली ती मुंबई बंदराच्या दक्षिण तोंडाशी शिरणारे प्रत्येक गलबत दिसावे म्हणून. पुढे १७३९ साली मानाजी आंग्र्यांनी हा किल्ला घेतला, तोही त्याच कारणासाठी. ज्याच्या हातात उंच जागा, त्याला शत्रू आधी दिसतो. हा नियम तेव्हाही होता, आजही आहे. फरक इतकाच, की आज ती उंच जागा जमिनीला चिकटलेली राहिलेली नाही. ती पंख लावून उडते, आणि गंमत म्हणजे ती मुळात लढाईसाठी बांधलेलीच नसते. पन्नास उतारू बसवून एका गावाहून दुसऱ्या गावाला नेण्यासाठी केलेले ते एक साधे प्रवासी विमान असते.

या लेखात मी त्याच विमानाविषयी लिहिणार आहे. मी शास्त्र शाखेची विद्यार्थिनी नव्हे, भूगोल घेऊन बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात शिकते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे घरी कोणालाही काही समजावून सांगायचे तर ते रोजच्या उदाहरणांतूनच सांगावे लागते. वडील बंदरावरचा ट्रेलर चालवतात, मामांची करंज्याला मासेमारीची होडी आहे. त्यांना जे पटेल तेच इथे लिहायचे असे मी ठरवले. प्राध्यापक मंडळींना काही भाग फार सोपा वाटला तर त्यांनी क्षमा करावी.

प्रथम उंचीचा हिशेब पाहू. करंज्याच्या किनाऱ्यावर उभा राहिलेला माणूस समुद्राकडे पाहतो तेव्हा त्याला पाण्याची कड जेमतेम साडेचार किलोमीटरवर दिसते. त्यापलीकडचे पाणी पृथ्वीच्या गोलाईआड गेलेले असते. होडी परतताना आधी डोलकाठी दिसते आणि मग नाळ, हे कोळ्याच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. हे अंतर काढण्याचे सूत्र सोपे आहे. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ३.५७ ने गुणावे, म्हणजे किलोमीटरमध्ये उत्तर येते. आमचा डोंगर अडीचशे मीटर उंच धरला तर त्यावरून सुमारे ५६ किलोमीटरपर्यंतचे पाणी दिसायला हरकत नाही. पोर्तुगीजांनी उगाच घाम गाळला नाही! आता तोच डोळा ९,००० मीटर उंचीवर नेऊन ठेवा. क्षितिज ३३९ किलोमीटरवर जाते. वर्गमूळ असल्यामुळे यात एक अडचणही आहे. उंची चौपट केली तरी दृष्टी फक्त दुप्पट होते. म्हणून मनोरे कितीही उंच बांधले तरी ते लवकरच थकतात, आणि मनोरा सोडून विमान घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आता डोळ्याच्या जागी रडार ठेवू. रडार म्हणजे रेडिओ लहरी बाहेर फेकणारे आणि कशावर तरी आपटून परत आलेल्या लहरी पकडणारे यंत्र. लहर जायला आणि यायला किती वेळ लागला यावरून वस्तू किती दूर आहे ते कळते, आणि परतलेल्या लहरीची कंपने थोडी वाढली की घटली यावरून ती जवळ येते आहे की दूर जाते आहे तेही कळते. रेडिओ लहरी हवेत किंचित वाकतात, म्हणून रडारसाठी त्या सूत्रातला आकडा ३.५७ ऐवजी साधारण ४.१२ धरतात. जमिनीवर २० मीटर उंच मनोऱ्यावर रडार बसवले आणि शत्रूचे विमान १०० मीटर उंचीवरून, म्हणजे झाडाझुडपांच्या जरा वरून आले, तर ते सुमारे ६० किलोमीटरवर आल्याशिवाय दिसणारच नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान मिनिटाला १५ किलोमीटर तोडते. म्हणजे हाती उरतात चार मिनिटे. चार मिनिटांत आमच्याकडे गॅसवर चहासुद्धा नीट उकळत नाही. त्या वेळात शत्रू ओळखायचा, वरिष्ठांना कळवायचे आणि आपली विमाने उडवायची! हेच रडार ९,००० मीटरवर नेले तर त्याचे क्षितिज जवळजवळ ३९० किलोमीटरवर जाते आणि चारऐवजी वीस-पंचवीस मिनिटे मिळतात. विमानावर रडार चढवण्याचा सारा खटाटोप या वाढीव मिनिटांसाठी आहे.

मात्र वरून खाली पाहताना एक नवीच पंचाईत होते. खाली जमीन असते, डोंगर असतात, समुद्राच्या लाटा असतात, आणि त्या सगळ्यांवरून लहरी परत येतात. त्या गदारोळात एक छोटे विमान शोधणे म्हणजे जत्रेत आपल्या माणसाची हाक ओळखण्यासारखे आहे. इथे कंपनांच्या फरकाचा उपयोग होतो. डोंगर जागचा हलत नाही, विमान हलते. जे हलत नाही ते संगणक पडद्यावरून पुसून टाकतो आणि जे हलते ते ठेवतो. हे लिहायला एक ओळ पुरते, पण याच एका ओळीसाठी जगभरच्या शास्त्रज्ञांची कित्येक वर्षे खर्ची पडली आहेत.

आता मुख्य प्रश्न. यासाठी प्रवासी विमानच का घेतात? लढाऊ विमान का नाही? कारण लढाऊ विमान तास-दीड तासात तहानलेले परत येते आणि त्यात बसायला जागा एक किंवा दोन. टेहळणी हे धावण्याचे काम नव्हे, बसून राहण्याचे आहे. त्याला तासन्‌तास हवेत राहणारे, आतून उबदार, दाब राखलेले, चार-सहा माणसांना टेबल मांडून बसता येईल, पाय मोकळे करता येतील, आणि हसू नका, पण ज्यात शौचालय असेल असे वाहन लागते. हे सारे प्रवासी विमानात तयारच असते. शिवाय अशी शेकडो विमाने जगात उडत असल्याने त्यांचे सुटे भाग मिळतात, वैमानिक मिळतात, आणि त्यांच्या खोडी आधीच कळलेल्या असतात. नवे विमान मुळापासून बनवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

भारताने निवडलेले विमान ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचे. ही कंपनी १९६९ साली स्थापन झाली. तिचे ईएमबी-१४५ हे पन्नास आसनांचे छोटे जेट १९९५ साली प्रथम उडाले. लांबी सुमारे ३० मीटर, पंखांचा पसारा २० मीटर, दोन्ही इंजिने शेपटीजवळ. कोल्हापूर-बेळगावकडच्या वाचकांना हे विमान वेगळे सांगायला नको. कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या 'स्टार एअर' कंपनीने २०१९ साली याच जातीच्या विमानांनी आपली सेवा सुरू केली, आणि बेळगावच्या विमानतळावरून अशी विमाने उडू लागली. म्हणजे ज्या विमानाच्या खिडकीतून एखादा व्यापारी खाली सह्याद्री पाहतो, त्याचेच भावंड पंजाबातल्या भटिंड्याजवळच्या भिसियाना तळावरून सरहद्दीवर नजर ठेवते. त्या भावंडाचे नाव 'नेत्र'.

दोन भावंडांत फरक काय? पहिला तर लांबूनही दिसतो. 'नेत्र'च्या पाठीवर एक लांबट पेटी बसवलेली आहे, जणू ट्रेलरवर एखादा अरुंद कंटेनर ठेवावा तशी. मोठ्या टेहळणी विमानांच्या पाठीवर गोल फिरणारी थाळी असते, ती आपण चित्रात पाहिलेली असते. पण ती थाळी उचलायला मोठे विमान लागते. छोट्या जेटला ते ओझे पेलत नाही. म्हणून या पेटीत डाव्या आणि उजव्या बाजूला तोंड करून दोन सपाट रडारपट्टे पाठीला पाठ लावून बसवले आहेत. हे पट्टे जागचे हलत नाहीत. मग त्यांची नजर फिरते कशी?

हे समजायला मला बराच वेळ लागला, आणि शेवटी समजले ते गॅदरिंगच्या लेझीम पथकामुळे. समजा, मुलींची एक लांब रांग आहे आणि सगळ्यांनी एकदम लेझीम उचलली, तर आवाज सरळ समोर जातो. आता पहिलीने उचलली, तिच्या क्षणभर मागून दुसरीने, तिच्या मागून तिसरीने, असे केले तर समोरून पाहणाऱ्याला एक लाट तिरकी सरकताना दिसते. कोणीही जागा सोडलेली नाही, तरी लाटेचे तोंड वळले. त्या पेटीत अशा शेकडो लहान लहान रडारपेट्यांची रांग आहे. प्रत्येकीने लहर किती क्षण उशिरा सोडायची हे संगणक ठरवतो आणि त्यानुसार लहरींचा झोत हवा तिकडे वळतो, तोही डोळ्याची पापणी लवण्यापूर्वी. फिरत्या थाळीला पूर्ण वळसा घ्यायला कित्येक सेकंद लागतात. इथे एका लक्ष्याकडे पाहता पाहता दुसऱ्याकडे नजर टाकता येते.

यात उणीवही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक पट्टा आपल्या बाजूचे १२० अंश पाहतो. दोन मिळून २४० होतात. ३६० मधून २४० गेले की उरतात १२०, म्हणजे नाकासमोर ६० आणि शेपटीमागे ६० अंश हे विमान आंधळे आहे. म्हणून वैमानिक सरहद्दीकडे तोंड करून जातच नाही. तो सरहद्दीला समांतर, शर्यतीच्या मैदानासारख्या लांबट वर्तुळात घिरट्या घालतो, म्हणजे एक कूस सतत पलीकडे राहते. तरी जे दिसते ते थोडे नव्हे. त्याचा पल्ला अडीचशे ते पावणेचारशे किलोमीटर सांगितला जातो. आपण मधला ३०० धरू. हे विमान उरणच्या आकाशात आहे अशी कल्पना केली तर एका कडेला सुरत आणि दुसऱ्या कडेला कोल्हापूर त्याच्या पल्ल्यात येते. २४० अंशांचे क्षेत्रफळ काढले तर ते सुमारे १ लाख ८८ हजार चौरस किलोमीटर भरते. महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक!

पाठीवर पेटी आली की हवेचा प्रवाह बिघडतो आणि शेपटीला नीट वारा मिळत नाही. त्यासाठी मागच्या भागात जादा लहान पंखुड्या लावाव्या लागतात. रडारला वीज फार लागते आणि वीज वापरणारी यंत्रे तापतात, तेव्हा वीजनिर्मिती आणि थंडावा दोन्ही वाढवावे लागतात. उतारूंच्या आसनांच्या जागी इंधनाच्या टाक्या आणि यंत्रांची कपाटे येतात, आणि पडद्यांसमोर बसून काम करणाऱ्यांसाठी पाच जागा. नाकावर एक नळीही आहे. तिच्यातून उडत्या अवस्थेतच दुसऱ्या विमानाकडून इंधन घेता येते. त्यामुळे पाचेक तासांची गस्त नऊ तासांपर्यंत लांबते. या जातीच्या विमानाला अशी नळी प्रथम भारतासाठीच बसवण्यात आली. माणसांचे काय होत असेल, नऊ तास त्या अरुंद नळकांड्यात पडद्याकडे पाहत? परीक्षेत तीन तास बसून आपली मान मोडते.

रडारला एक ठिपका दिसला म्हणजे काम संपले असे नाही. तो ठिपका आपला की परका? त्यासाठी विमान एक सांकेतिक प्रश्न पाठवते. आपल्या विमानावरचे यंत्र त्याला ठरलेले उत्तर देते, परक्याला ते देता येत नाही. त्याखेरीज शत्रूचे रडार कुठून बोलते आहे आणि कोण कोणाशी बिनतारी संभाषण करते आहे, हे ऐकणारे कानही या विमानात आहेत. मग हे सगळे जुळवून लढाऊ वैमानिकाला सांगायचे, की अमुक दिशेने, अमुक उंचीवर, इतक्या अंतरावर जा. हे सांगणाऱ्याला लढाई नियंत्रक म्हणतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या कारवाईच्या दुसऱ्या दिवशी हवेत जी चकमक झाली, तेव्हा जमिनीवरच्या केंद्रातून हे काम करणाऱ्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल यांना युद्धसेवा पदक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. लढाईत नुसते नीट पाहून नीट सांगणे हाही पराक्रम असतो, हे त्या पदकामुळे आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलींना प्रथमच कळले. बालाकोटच्या वेळी 'नेत्र' स्वतःही हवेत होते.

'नेत्र' सहजासहजी मिळालेले नाही. त्याच्या आधीची कथा दुःखाची आहे. १९८० च्या दशकात आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने असाच एक प्रयत्न सुरू केला होता. त्यासाठी घेतलेले विमानही प्रवासीच होते, कानपूरला बनणारे दोन पंख्यांचे अॅव्हरो. इंडियन एअरलाइन्सच्या लहान लहान मार्गांवर ते अनेक वर्षे उडत असे. त्याच्या पाठीवर गोल थाळी बसवली. काही वर्षे चाचण्या चालल्या. ११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूतील अरक्कोणमजवळ चाचणी चालू असताना ती थाळी निखळली आणि विमान कोसळले. आतले आठही जण गेले, चार शास्त्रज्ञ आणि हवाई दलाचे चार जण. प्रकल्प तिथेच थांबला.

ती माणसे लढाईत मेली नाहीत, म्हणून त्यांची नावे चौकाचौकांत दिसत नाहीत. पण मला वाटते, 'नेत्र'ची हकीगत सांगताना त्या आठांचा उल्लेख टाळून पुढे जाणे बरे नव्हे. जो अनुभव त्यांच्याबरोबर नाहीसा झाला तो पुन्हा जमवायला वर्षे लागली. २००४ साली सरकारने नव्याने मंजुरी दिली. त्याच वर्षी इस्रायलशी मोठ्या 'फाल्कन' रडारचाही करार झाला. ते रशियन इल्युशिन-७६ या अजस्र विमानावर बसवले गेले आणि पहिले विमान मे २००९ मध्ये भारतात आले. पण विकतचा डोळा वेगळा आणि स्वतःचा वेगळा. बंगळूरच्या 'कॅब्स' या संस्थेने डॉ. एस. ख्रिस्तोफर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली रडार इथेच घडवले. विमाने मात्र ब्राझीलकडून घ्यायची ठरली. २००८ साली तीन विमानांचा करार झाला, २०१२ मध्ये पहिले आले, १४ फेब्रुवारी २०१७ रोजी बंगळूरच्या हवाई प्रदर्शनात ते हवाई दलाच्या स्वाधीन झाले, आणि दुसरे सप्टेंबर २०१९ मध्ये. मंजुरीपासून पहिल्या विमानापर्यंत तेरा वर्षे गेली. मी त्या वेळी प्राथमिक शाळेत होते. इतका काळ लागावा का, हा प्रश्न विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे. पण अपघातानंतर जो संयम लागतो, तोही हिशेबात धरायला हवा.

एक गोष्ट मात्र हिशेबात धरायला मन घेत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या तपासानंतर एम्ब्राएर कंपनीने वेगवेगळ्या देशांतील लाचखोरीच्या प्रकरणांत २० कोटी ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. त्यात भारताला विकलेल्या या तीन विमानांच्या व्यवहारातील दलालीचाही विषय होता, आणि आपल्याकडे सीबीआयने गुन्हा नोंदवला. शत्रू दिसावा म्हणून घेतलेल्या डोळ्याच्या खरेदीतच कोणीतरी डोळेझाक केली असेल, तर त्याला काय म्हणावे?

आपण एकटेच या वाटेने गेलो असेही नाही. ब्राझीलने अॅमेझॉनच्या अरण्यावर नजर ठेवण्यासाठी याच जातीच्या विमानावर स्वीडिश रडार बसवले. चोरटी विमाने आणि बेकायदा जंगलतोड दिसावी हा त्यांचा हेतू. पाकिस्ताननेही तेच स्वीडिश रडार साब-२००० या पन्नासेक आसनांच्या प्रवासी विमानावर चढवले. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रवासी विमाने, दोन्हींच्या खिडक्यांजवळची आसने काढलेली, एकमेकांकडे कूस करून घिरट्या घालताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की जरा विचित्रच वाटते. भारतात पुढची पिढी आणखी मोठी येणार आहे. एअर इंडियाकडची सहा एअरबस-३२१ विमाने त्यासाठी निवडली आहेत, आणि नाकातही रडार बसवून समोरचा आंधळा भाग भरून काढण्याची योजना आहे.

एअर इंडियाचे नाव निघाले म्हणून सांगते. उतारूंची विमाने पहाऱ्याला लावण्याची आपली परंपरा 'नेत्र'पेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि तिचे माहेर आपल्याच किनाऱ्यावर, गोव्याला आहे. दाबोळीच्या विमानतळाला लागून नौदलाचा 'हंसा' तळ आहे, आणि त्याच्याजवळ बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे विमान संग्रहालय. तिथे अंगणात चार पंख्यांचे एक भले मोठे विमान उभे आहे, सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियात असताना त्याचे नाव होते 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी. १९५० च्या दशकात मुंबईहून परदेशी जाणाऱ्या श्रीमंत उतारूंना तिने मिरवले. जेट विमाने आल्यावर तिचा थाट संपला. मग ती हवाई दलाकडे गेली, आणि १९७६ मध्ये अशी विमाने नौदलाकडे येऊन समुद्रावर गस्त घालू लागली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, रशियाची इल्युशिन-३८ दाबोळीत दाखल झाली. तीही इल्युशिन-१८ या प्रवासी विमानापासूनच घडवलेली. त्यांनी २०२३ पर्यंत सेवा दिली. मधे १ ऑक्टोबर २००२ रोजी, त्यांच्या पलटणीच्या रौप्यमहोत्सवी उड्डाणातच, अशी दोन विमाने गोव्यावर एकमेकांवर आदळली आणि त्यांतील बाराही जण मृत्युमुखी पडले. आता तिथे बोइंग-७३७ वरून केलेली पी-८आय विमाने आहेत. त्यांची गोव्यातील पलटण मार्च २०२२ मध्ये सुरू झाली.

ही विमाने प्रामुख्याने पाणबुड्या शोधतात. पण आमच्या भागातल्या लोकांना त्यांचे नाव माहीत झाले ते वेगळ्याच कारणाने. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' नावाच्या तराफ्यावर २६१ माणसे होती. नांगर तुटले आणि १७ मे रोजी तराफा बुडाला. उरणला मुंबई हायचे तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांनी येतो, त्यामुळे इथल्या घराघरांत त्या दर्यातल्या कामाशी कोणाचा ना कोणाचा संबंध असतो. त्या तीन-चार दिवसांत आमच्या आळीत कोणीही धड जेवले नसेल. नौदलाच्या युद्धनौका, हेलिकॉप्टरे आणि पी-८आय विमाने शोधाला लागली. खवळलेल्या पाण्यात एक माणूस म्हणजे फक्त एक डोके आणि एक नारिंगी जाकीट. तराफ्यावरच्या २६१ पैकी १८६ जणांना जिवंत बाहेर काढले. सत्तरहून अधिक गेले. त्यांना वेळीच किनाऱ्यावर का आणले नाही, हा प्रश्न विमानाला विचारण्यात अर्थ नाही.

वरून सारे दिसते असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहा जण 'कुबेर' नावाची मासेमारीची होडी बळकावून आले. रडारवर ती काय दिसणार? हजार होड्यांच्या हजार ठिपक्यांतला एक ठिपका. ठिपक्याला हेतू नसतो. किनाऱ्याला रबरी होडीतून उतरलेल्या अनोळखी पोरांना पाहून ज्यांना प्रथम शंका आली, ती कुलाब्याकडची कोळी माणसे होती. आणि २२ सप्टेंबर २०१६ ची गोष्ट तर आमच्या उरणचीच. उरीच्या हल्ल्याला चारच दिवस झाले होते. काही शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली हत्यारबंद माणसे पाहिल्याचे सांगितले. नौदलाचा शस्त्रसाठा इथे, तेल-वायूचा प्रकल्प इथे, बंदर इथे. मुंबईपासून रायगडापर्यंत दक्षतेचा इशारा गेला, हेलिकॉप्टरे फिरू लागली, कमांडो आले. मी तेव्हा दहा वर्षांची होते. शाळा बंद होत्या आणि आम्हाला खिडकीशी जाऊ देत नव्हते. काही सापडले नाही. पण कोट्यवधींची यंत्रे असूनही पहिली खबर शाळेच्या वाटेवरच्या मुलांकडून आली आणि सरकारने ती गांभीर्याने घेतली, हे मला महत्त्वाचे वाटते.

मामांना हे सगळे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तू शिकलेली हायस, सांग बघू. त्या इमानाला माझी होडी आणि चोराची होडी येगळी कशी कललं?" प्रश्न त्यांच्या मनातला खरा होता. एकदा भर दर्यात एका गस्ती नौकेने कागद तपासायला त्यांना दोन तास थांबवून ठेवले होते. बर्फ वितळला आणि अर्धी मासळी गेली. मी त्यांना लढाऊ विमानांच्या त्या सांकेतिक प्रश्नोत्तराची गोष्ट सांगितली. होड्यांसाठीही तशीच सोय आता होते आहे. आपल्या इस्रो संस्थेच्या तंत्रावर बनलेली छोटी यंत्रे देशातल्या एक लाख मासेमारी नौकांवर मोफत बसवण्याच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. होडी कुठे आहे ते उपग्रहामार्फत किनाऱ्याला कळते, वादळाचा इशारा होडीला मिळतो, आणि संकटात सापडलेल्या तांडेलाला बटण दाबून निरोप धाडता येतो. मामांनी ते नीट ऐकून घेतले आणि विचारले, की मासळी कुठे लागली हेही त्या यंत्रातून दुसऱ्या होड्यांना कळणार का. त्याचे उत्तर मी अजून शोधते आहे.